बर्ड फ्लूचा विषाणू माणसाच्या श्वसनमार्गात कसा शिरतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्ड फ्लूची बातमी आली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘लागण झालेल्यांपैकी निम्मे दगावतात.’ दुसरं, ‘घाबरू नका, तो माणसाकडून माणसाला पसरत नाही.’ दोन्ही वाक्यांना थोडी पुस्ती जोडावी लागते, ती पुढे येईलच. पण दोन्हींमागचं कारण बऱ्याच अंशी एकच आहे: हा विषाणू आपल्या श्वसनमार्गात नेमका कुठे बस्तान बसवतो. म्हणून खालची बहुतेक उत्तरं फिरून फिरून त्याच जागेपाशी येतात.

बर्ड फ्लू आणि आपला नेहमीचा फ्लू वेगळे आहेत का?

घराणं एकच. दोन्ही इन्फ्लुएन्झा ‘ए’ प्रकारचे विषाणू. आकार साधारण ८० ते १२० नॅनोमीटर, आत आरएनएचे आठ सुटे तुकडे, बाहेर चरबीचं पातळ आवरण आणि त्या आवरणातून डोकावणारी दोन प्रथिनं: हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेझ. नावातला ‘एच’ आणि ‘एन’ यांच्यावरूनच आला. एच५एन१ म्हणजे पाचव्या जातीचं हिमॅग्लुटिनिन आणि पहिल्या जातीचं न्यूरामिनिडेझ. माणसांत दरवर्षी फिरणारे सध्याचे ‘ए’ विषाणू एच१एन१ आणि एच३एन२ हे आहेत. रानबदकं आणि पाणपक्ष्यांत मात्र या प्रथिनांच्या डझनावारी जोड्या सुखाने नांदतात.

पक्ष्यांतला विषाणू पक्ष्यांच्या शरीराला सरावलेला असतो. बदकात तो मुख्यतः आतड्यात वाढतो, तेही सुमारे ४१ अंश तापमानात. आपल्या नाकात तापमान ३३ अंशांच्या आसपास. म्हणजे माणसात येताना त्याला अवयव, तापमान आणि पेशी, तिन्ही परके.

तो आपल्यापर्यंत पोचतो कसा?

आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी जवळचा संबंध आल्यावर. त्यांची विष्ठा, लाळ, नाकातला स्राव, रक्त, पिसं यांत विषाणू भरपूर असतो. कोंबडी कापणं, पिसं उपटणं, खुराड्यातली सुकलेली घाण झाडणं या कामांत त्याचे बारीक कण हवेत उडतात आणि श्वासावाटे आत जातात. बरबटलेला हात डोळ्याला किंवा नाकाला लावला तरी चालतं. चालतं म्हणजे विषाणूला.

कणाचा आकार इथे महत्त्वाचा ठरतो. मोठे थेंब नाकात नाहीतर घशात अडकतात. साधारण ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण मात्र श्वासनलिकेच्या फाट्यांमागून फाटे ओलांडत थेट फुफ्फुसांच्या टोकाशी असलेल्या हवेच्या इवल्या कप्प्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत, उतरू शकतात. हे लक्षात ठेवा, कारण बर्ड फ्लूच्या विषाणूला हवी असलेली जागा तिथेच, तळाशी आहे.

श्वासासोबत आत गेल्यावर पहिली गाठ कोणाशी पडते?

शेंबडाशी. श्वसनमार्गाच्या आतल्या बाजूवर श्लेष्माचा थर असतो आणि त्याखालच्या पेशींवरचे सूक्ष्म रोम तो थर सतत वरच्या दिशेने, घशाकडे सरकवत असतात. आपण तो नकळत गिळतो. विषाणू खाली उतरू पाहतो, थर वर सरकतो.

त्यात आणखी एक मेख आहे. विषाणू पेशीवरच्या ज्या साखरेला चिकटतो, तशीच साखर श्लेष्मातल्या प्रथिनांवरही असते, आणि माणसाच्या श्लेष्मात पक्ष्यांच्या विषाणूंना आवडणारा प्रकार बराच असतो. त्यामुळे विषाणू पेशीपर्यंत पोचण्याआधी इथेच अडकून पडतो. त्याच्याकडे यावर उपाय आहे: न्यूरामिनिडेझ ती साखर कापतं आणि विषाणूची सुटका करतं. शाळेतल्या पुस्तकांत न्यूरामिनिडेझचं काम फक्त ‘नवे विषाणू पेशीतून बाहेर सोडणं’ एवढंच सांगतात. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. आत शिरतानाही ते तितकंच राबतं.

ही साखर कोणती? ‘रिसेप्टर’ म्हणतात तो हाच का?

हाच. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या लांब साखळ्या असतात आणि अनेक साखळ्यांच्या टोकाला सायॅलिक आम्ल असतं. इन्फ्लुएन्झाचं हिमॅग्लुटिनिन या टोकाला चिकटतं. सायॅलिक आम्ल पक्ष्यातही तेच, माणसातही तेच. फरक असतो तो ते मागच्या साखरेला कसं जोडलंय यात. एका जोडणीला अल्फा-२,३ म्हणतात, दुसरीला अल्फा-२,६. पहिलीत साखळीचं टोक बरंचसं सरळ उभं राहतं, दुसरीत ते वाकून पसरट होतं. हिमॅग्लुटिनिनच्या माथ्यावर जो उथळ खळगा असतो, त्यात यांपैकी कोणतं टोक नीट बसेल हे खळग्याच्या कडेच्या मोजक्या अमिनो आम्लांवर, म्हणजे प्रथिनाच्या घटकांवर, ठरतं. पक्ष्यांच्या विषाणूंना २,३ जोडणी मानवते, माणसांतल्या फ्लूला २,६.

इथे सगळेजण कुलूप-किल्लीची उपमा देतात. मला ती फारशी पटत नाही. किल्ली लागते किंवा लागत नाही, मधलं काही नसतं. इथे प्रत्यक्षात एका हिमॅग्लुटिनिनची एका साखरेवरची पकड अगदीच कमजोर असते. विषाणूवर अशी काही शे हिमॅग्लुटिनिनं असतात आणि त्यांतल्या अनेकांनी एकाच वेळी धरलं तरच तो टिकून राहतो. त्यामुळे पक्ष्यांचा विषाणू माणसाच्या पेशीला ‘चिकटूच शकत नाही’ असं नसतं. कमी चिकटतो, चुकीच्या जागी चिकटतो, लवकर सुटतो. विषाणूंची संख्या प्रचंड असेल तर ही कमजोरी भरूनही निघते. आजारी कोंबड्यांत दिवसभर काम करणाऱ्याला लागण का होते आणि रस्त्याने जाणाऱ्याला का होत नाही, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

मग तो घशाऐवजी खोल फुफ्फुसातच का जातो?

कारण माणसाच्या श्वसनमार्गात या दोन जोडण्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या नाहीत. नाक, घसा, मुख्य श्वासनलिका या वरच्या भागात २,६ जोडणीचं प्राबल्य. जसजसं खाली जावं, बारीक श्वासवाहिन्या आणि वायुकोशांकडे, तसतशी २,३ जोडणी अधिक सापडू लागते.

हे चित्र २००६ मध्ये स्पष्ट झालं. विषाणूतज्ज्ञ योशिहिरो कावाओका यांच्या गटाने आणि नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रातल्या गटाने एकाच सुमारास, वेगवेगळ्या पद्धतींनी, माणसाच्या श्वसनमार्गातल्या पेशी तपासल्या. कोणती साखर कुठे आहे आणि एच५एन१ कुठे जाऊन चिकटतो, हे दोन्हीकडून पाहिलं गेलं. दोन्ही उत्तरं जुळली: सर्वांत बारीक श्वासवाहिन्या आणि वायुकोश. त्यातही मुख्यतः वायुकोशांच्या भिंतीतल्या ‘दुसऱ्या प्रकारच्या’ पेशी.

या पेशींकडे जरा जवळून बघायला हवं. वायुकोश म्हणजे मिलिमीटरच्या पाव भागाएवढा हवेचा फुगीर कप्पा. त्याची बहुतेक भिंत पहिल्या प्रकारच्या चपट्या पेशींची असते. त्या इतक्या पातळ की हवा आणि रक्त यांच्यातलं एकूण अंतर काही ठिकाणी एक मायक्रॉनहूनही कमी भरतं. कोपऱ्याकोपऱ्यांत बसलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी घनाकृती असतात. त्यांची दोन कामं. एक, सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ पाझरवणं, जो नसेल तर श्वास सोडताना वायुकोश मिटून भिंती एकमेकींना चिकटतील. दोन, चपट्या पेशी मेल्या की विभाजित होऊन त्यांची जागा भरणं. म्हणजे वायुकोश उघडे ठेवणं आणि त्यांची डागडुजी, दोन्ही खाती या एकाच पेशीकडे. एच५एन१ नेमक्या तिलाच गाठतो.

म्हणजे नाक-घशात तो अजिबात वाढत नाही?

वाढतो, आणि हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण ‘वर २,६, खाली २,३’ हे वाक्य इतक्या वेळा छापून आलंय की ते नियमासारखं वाटू लागलंय. प्रत्यक्षात वरच्या भागातल्या काही रोमक पेशींवरही २,३ जोडणी असते. हाँगकाँगमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या नाकामागच्या आणि टॉन्सिलच्या ऊतींतही एच५एन१ वाढू शकतो, आणि तोही अशा ठिकाणी जिथे नेहमीच्या तपासणीत २,३ जोडणी दिसत नव्हती. व्हिएतनाममधल्या रुग्णांच्या घशातल्या नमुन्यांतही विषाणू भरपूर सापडला होता. तेव्हा रिसेप्टरचं वाटप हे मोठं कारण आहे, एकमेव नाही.

पेशीला चिकटल्यावर आत कसा जातो?

पेशी स्वतःच त्याला आत ओढून घेते. चिकटलेल्या विषाणूभोवती पेशीचं पटल आत खचतं आणि त्याची एक पिशवी तयार होऊन ती आतल्या बाजूला सरकते. वाटेत पिशवी आम्लधर्मी होत जाते. आम्लता ठराविक पातळीला पोचली की हिमॅग्लुटिनिन आपलं रूप पालटतं: आत दडलेला टोकदार भाग बाहेर पडतो, पिशवीच्या पटलात घुसतो आणि दोन्ही पटलं एकमेकांत मिसळतात. विषाणूची आठ आरएनए पेशीत मोकळी होतात आणि केंद्रकाकडे निघतात.

हे घडायला आधी एक अट पूर्ण व्हावी लागते. हिमॅग्लुटिनिन तयार होतं तेव्हा ते एकसंध असतं. ते एका ठराविक जागी कापलं गेलं तरच असं रूप पालटू शकतं. कापायची कात्री विषाणूकडे नसते, ती यजमानाची वापरावी लागते. नेहमीच्या फ्लूला लागणारी कात्री माणसाच्या श्वसनमार्गातल्या पेशींतच मिळते. तिचं नाव टीएमपीआरएसएस२. कोंबड्यांत हाहाकार माजवणाऱ्या एच५ आणि एच७ विषाणूंच्या कापण्याच्या जागी मात्र क्षारधर्मी अमिनो आम्लांची रांगच लागलेली असते आणि ती फ्युरिन नावाच्या विकराला कापता येते. फ्युरिन जवळपास प्रत्येक पेशीत असतं. म्हणून कोंबडीत हा विषाणू एका अवयवापुरता न राहता मेंदूपासून हृदयापर्यंत सगळीकडे पसरतो. माणसात मुख्य आघात फुफ्फुसांवरच होतो, पण गंभीर रुग्णांच्या रक्तात आणि विष्ठेतही विषाणू सापडलेला आहे, तो या रांगेमुळेच शक्य झाला असावा.

आम्लतेचं गणितही दोघांचं वेगळं. पक्ष्यांतल्या विषाणूचं हिमॅग्लुटिनिन किंचित आम्लतेलाच रूप पालटतं, माणसांतल्या फ्लूचं जास्त आम्लता येईपर्यंत दम धरतं. नाकातला स्राव थोडासा आम्लधर्मी असतो. तिथे किंवा हवेतल्या थेंबात हिमॅग्लुटिनिनने पेशीत शिरण्याआधीच रूप पालटलं, तर तो विषाणू वाया गेला. माणसांत पसरण्यासाठी त्याला हा उतावीळपणा सोडावा लागतो.

आत शिरला म्हणजे जिंकला, असंच ना?

नाही. उलट खरं घोडं पुष्कळदा इथेच अडतं. विषाणूच्या आरएनएच्या प्रती काढणारं यंत्र, म्हणजे पॉलिमरेझ, स्वतःच्या बळावर चालत नाही. त्याला यजमान पेशीतलं एएनपी३२ए नावाचं प्रथिन सोबतीला लागतं. कोंबडी-बदकांच्या एएनपी३२ए मध्ये ३३ अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो. माणसाच्या प्रथिनात तो नसतो. पक्ष्यांच्या विषाणूचं पॉलिमरेझ त्या तुकड्याला सरावलेलं, त्यामुळे माणसाच्या पेशीत ते रखडत चालतं, आणि नाकातल्या ३३ अंशांत तर अधिकच. २०१६ मध्ये हे कोडं सुटलं, तेव्हा एक जुनी गोष्टही उलगडली: माणसांत आलेल्या बर्ड फ्लूमध्ये पॉलिमरेझचाच भाग असलेल्या पीबी२ या प्रथिनाच्या ६२७ व्या जागी पुन्हा पुन्हा तोच बदल का दिसतो. ग्लुटामिक आम्ल जाऊन लायसिन आलं की पॉलिमरेझचं माणसाच्या एएनपी३२ए शी जुळतं. हा बदल बऱ्याचदा रुग्णाच्या शरीरातच, आजार सुरू असताना घडतो.

याशिवाय पेशीची स्वतःची राखण असतेच. धोक्याची वर्दी देणारं इंटरफेरॉन, विषाणूला अडवणारं एमएक्सए, आणि २०२३ मध्ये लक्षात आलेलं बीटीएन३ए३ हे प्रथिन, जे आपल्या श्वसनमार्गात असतं आणि पक्ष्यांच्या अनेक विषाणूंना रोखतं पण माणसांतल्या फ्लूला फारसं अडवत नाही. विषाणूचं एनएस१ प्रथिन या यंत्रणेला गुंगारा द्यायला बघतं. किती वेळा त्याला ते जमत नाही याची मोजदाद होत नाही, कारण जिथे जमत नाही तिथे रुग्णच तयार होत नाही.

इतका गंभीर आजार का होतो?

वायुकोशांच्या त्या पेशी आठवा. त्या मरू लागल्या की सर्फॅक्टंट कमी पडतं, वायुकोश मिटतात, पातळ भिंतीतून द्रव पाझरून आत साचतो. हवा आहे, रक्त आहे, पण ऑक्सिजन पलीकडे जात नाही. याचंच पुढचं रूप म्हणजे तीव्र श्वसनावरोध, ज्यात व्हेंटिलेटर लागतो.

भरीस भर म्हणजे आपलीच प्रतिकारयंत्रणा. वायुकोशांतल्या भक्षक पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर सायटोकाइन नावाचे संदेश प्रमाणाबाहेर सोडतात, पांढऱ्या पेशी झुंडीने येतात आणि नुकसान वाढवतात. व्हिएतनाममधल्या रुग्णांच्या २००६ च्या अभ्यासात ज्यांच्या शरीरात विषाणू जास्त, त्यांच्यात सायटोकाइनही जास्त आढळले. म्हणून मला ‘विषाणू नाही, प्रतिकारशक्तीच मारते’ हे लोकप्रिय वाक्य अर्धवट वाटतं. वादळ उठतं खरं, पण उठवणारा विषाणू तिथे मुबलक असतो म्हणून. लवकर विषाणूरोधक औषध देण्यामागचा विचारही हाच.

आता ‘निम्मे दगावतात’ या आकड्याबद्दल. २००३ पासून जागतिक आरोग्य संघटनेकडे एच५एन१ च्या माणसांतल्या जवळपास हजार रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले सुमारे निम्मे मरण पावले, हे खरं. पण नोंद मुख्यतः त्यांचीच होते जे इस्पितळात पोचतात. सौम्य आजार झालेले कित्येक जण मोजणीत येतच नाहीत. त्यामुळे प्रत्येक लागणीमागचा खरा मृत्युदर याहून कमी असणार.

काही जणांना फक्त डोळे येतात, ते कसं?

डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आणि पापणीच्या आतल्या पातळ पटलातही २,३ जोडणी भरपूर असते. तिथून विषाणूला सहज शिरकाव मिळतो आणि अश्रूनलिकेतून तो नाकातही उतरू शकतो. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये एच७एन७ ची साथ आली तेव्हा ८९ जणांना लागण झाली. बहुतेकांना नुसते डोळे आले, पण एका पशुवैद्याचा न्यूमोनियाने मृत्यू झाला. त्याच्या शरीरातल्या विषाणूत तोच ६२७ व्या जागेचा बदल होता.

गायींमध्ये शिरल्यानंतर काय बदललं?

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींत एच५एन१ सापडला. गायीच्या कासेतल्या पेशींवर २,३ जोडणी मुबलक असल्यामुळे विषाणू तिथे जोमाने वाढतो आणि कच्च्या दुधात उतरतो. दूध काढताना उडालेले शिंतोडे डोळ्यात गेले की लागण. त्यानंतरच्या काळात अमेरिकेत सुमारे ७० लोकांना लागण झाल्याची नोंद झाली. गोठ्यात काम करणाऱ्या बहुतेकांचा आजार सौम्य होता आणि तक्रार मुख्यतः डोळ्यांची.

यावरून ‘विषाणू मवाळ झाला’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्याच व्यापक वंशातल्या, पण रानपक्ष्यांत फिरणाऱ्या उपप्रकाराने २०२४ च्या अखेरीस कॅनडात एका किशोरवयीन रुग्णाला अतिदक्षता विभागात पोचवलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत पहिला मृत्यू नोंदला गेला. विषाणू कुठून शिरला, डोळ्यातून की खोल श्वासातून, आणि किती प्रमाणात, यावरही आजाराचं रूप अवलंबून असावं.

माणसाकडून माणसाला का पसरत नाही?

पसरायचं तर विषाणू नाक-घशात भरपूर वाढायला हवा, म्हणजे शिंक, खोकला, बोलणं यांतून तो बाहेर पडेल. हवेतल्या थेंबात तगायला हवा. आणि समोरच्याच्या नाकात त्याला लगेच पाय रोवता यायला हवेत. खोल वायुकोशांत वाढणारा विषाणू या तिन्ही बाबतींत मार खातो. ज्या जागेमुळे तो रुग्णाला जिवावर बेततो, त्याच जागेमुळे तो दुसऱ्यापर्यंत पोचायला अपुरा पडतो.

‘कधीच पसरला नाही’ असं मात्र नाही. १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ जणांना एच५एन१ झाला आणि ६ जण दगावले. तिथल्या सगळ्या कोंबड्या नष्ट केल्यावर ती साखळी तुटली. पुढे २००४ मध्ये थायलंडमध्ये आजारी मुलीकडून तिची शुश्रूषा करणाऱ्या आईला, आणि २००६ मध्ये इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर एकाच कुटुंबात, असं पसरणं घडल्याचं मानलं जातं. दोन्ही वेळा अगदी जवळचा, दीर्घ सहवास होता आणि साखळी तिथेच थांबली.

‘एका म्युटेशनने महासाथ येईल’ ही बातमी खरी का?

बातमीत तथ्य असतं, मथळा मात्र दोन पावलं पुढे धावतो. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गायींतल्या एच५एन१ च्या हिमॅग्लुटिनिनमध्ये २२६ व्या जागी एकच बदल केल्यावर त्याची पसंती २,३ कडून २,६ कडे वळते असं दिसलं. पूर्वीच्या एच५ विषाणूंना यासाठी अनेक बदल लागत, त्यामुळे हे काळजीचंच आहे. पण ते प्रयोग प्रथिनावर झाले, संसर्गजन्य विषाणूवर नव्हे, आणि रिसेप्टर हा एकच अडथळा नाही हे वर आलंच आहे.

२०१२ मध्ये विषाणूतज्ज्ञ रॉन फुशिए आणि वर आलेले कावाओका यांच्या गटांनी एच५ विषाणू फेरेट या (फ्लूच्या प्रयोगांत माणसाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या) प्राण्यांत हवेतून पसरेल इतका बदलून दाखवला होता; त्यावरून जगभर मोठा वादही झाला. फुशिए यांच्या विषाणूत किमान पाच बदल होते. त्यांचं वर्गीकरण केलं तर तीन कामं दिसतात: पसंती २,६ कडे वळवणं, हिमॅग्लुटिनिनला आम्लता सहन करण्याइतकं स्थिर करणं, आणि पॉलिमरेझला सस्तन प्राण्यांच्या पेशीत चालतं करणं. गायींतल्या विषाणूंनी तिसऱ्या कामाची थोडी तयारी पीबी२ मधल्या ६३१ व्या जागेच्या बदलातून केलेली दिसते. म्हणून ‘एक बदल’ ऐकलं की मी आधी विचारतो: तीनपैकी कोणत्या कामाचा?

डुकरांचं नाव सारखं का येतं?

डुकरांच्या श्वसनमार्गात दोन्ही जोडण्या सापडतात. एकाच पेशीत पक्ष्याचा आणि माणसाचा असे दोन विषाणू शिरले, तर आठ सुट्या तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच जन्माला येऊ शकतो. १९५७ च्या महासाथीच्या विषाणूत तीन तुकडे पक्ष्यांच्या विषाणूचे होते, १९६८ च्या विषाणूत दोन. ही सरमिसळ डुकरातच झाली असं मात्र खात्रीने म्हणता येत नाही. दोन्ही जोडण्या आपल्यातही आहेत, तेव्हा तत्त्वतः माणूसही त्यासाठी पुरेसा आहे.

लहान मुलं-तरुण आणि वृद्ध यांत फरक दिसतो का?

दिसतो. एच५एन१ चे गंभीर रुग्ण प्रामुख्याने मुलं आणि तरुण होते. २०१३ मध्ये चीनमध्ये आलेल्या एच७एन९ चे मात्र वयस्कर. २०१६ च्या एका विश्लेषणाने याचा संबंध बालपणी झालेल्या पहिल्या फ्लूशी जोडला: त्या पहिल्या विषाणूच्या नातलगांपासून पुढे काहीसं संरक्षण मिळत असावं. १९६८ पूर्वी जन्मलेल्यांची पहिली भेट एच१ किंवा एच२ शी झाली. ते एच५ चे जवळचे नातलग. नंतर जन्मलेल्या अनेकांची एच३ शी, जो एच७ च्या गटातला.

या एच७एन९ ची एक चमत्कारिक बाब सांगायलाच हवी. सुरुवातीची काही वर्षं त्याने कोंबड्यांना आजारी पाडलंच नाही. कोंबड्या धडधाकट, माणसं अतिदक्षता विभागात. दीड हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि त्यांपैकी सुमारे ४० टक्के दगावले. पक्षी पटापट मरताना दिसले तरच धोका, हा समज त्यानंतर सोडून द्यायला हवा होता.

लक्षणं किती दिवसांत दिसतात? तपासणीसाठी नमुना कुठला?

बहुधा दोन ते पाच दिवसांत, क्वचित त्याहून उशिरा. डोळ्यांची तक्रार एक-दोन दिवसांतच. ताप, खोकला, अंगदुखी, आणि गंभीर रुग्णांत आठवडाभरात वाढत जाणारी धाप. काहींना जुलाबही होतात.

नमुना नाक आणि घसा दोन्हींतून घेतात. डोळे आले असतील तर डोळ्यातूनही. आणि न्यूमोनिया असेल तर खोलवरचा स्राव तपासणं फार मोलाचं ठरतं, कारण नाकातला नमुना निगेटिव्ह येऊनही विषाणू खाली असू शकतो. कॅनडातल्या त्या रुग्णातही वरच्यापेक्षा खालच्या नमुन्यांत विषाणू जास्त होता. पक्ष्यांशी किंवा गुरांशी संपर्क आला असेल तर तो डॉक्टरांना आपणहून सांगा. त्याशिवाय ही तपासणी त्यांच्या डोक्यात येण्याचं कारण नसतं.

औषध आहे का?

ओसेल्टामिविर. ते न्यूरामिनिडेझ बंद पाडतं, त्यामुळे नवे विषाणू पेशीलाच चिकटून राहतात. पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर उत्तम, पण गंभीर रुग्णाला उशिराही देतात. बॅलोक्साव्हिर पॉलिमरेझवर काम करतं. अमान्टाडिनसारखी जुनी औषधं अनेक विषाणूंनी निकामी ठरवली आहेत. डॉक्टरांना न विचारता यांतलं काहीही घरी घेऊन ठेवू नका.

दरवर्षीची फ्लूची लस घेतली तर?

ती एच५ किंवा एच७ साठी नसते, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. तरीही पक्ष्यांत किंवा गोठ्यात काम करणाऱ्यांना ती घ्यायला सांगतात. माणसाचा फ्लू आणि पक्ष्याचा फ्लू एकाच शरीरात एकाच वेळी असण्याची, म्हणजे तुकड्यांच्या त्या अदलाबदलीची, शक्यता तिने कमी होते. एच५ साठी वेगळ्या लशी तयार आहेत आणि काही देशांनी त्यांचा साठाही करून ठेवला आहे.

अंडी, मांस, दूध?

आतपर्यंत ७० अंश तापमानाला शिजलेल्या अन्नात हा विषाणू टिकत नाही. पाश्चरायझेशननेही तो निष्क्रिय होतो. धोका खाण्यात कमी, कच्चं हाताळण्यात जास्त. कच्चं दूध पिऊ नये. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये.

साधा मास्क पुरतो का?

मोठ्या थेंबांपुरता. वायुकोशांपर्यंत जाणारे बारीक कण त्याच्या कडेच्या फटींतून आत येतात, म्हणून आजारी पक्ष्यांची विल्हेवाट लावणाऱ्यांना चेहऱ्याला घट्ट बसणारा एन९५ किंवा तत्सम मास्क सांगितला जातो. त्याच्या जोडीला डोळे पूर्ण झाकणारा गॉगल हवाच; प्रत्यक्षात लोक मास्क लावतात आणि गॉगल खिशात ठेवतात. हातमोजे काढताना बाहेरची बाजू आत वळवून काढा, हात साबणाने धुवा आणि मगच गॉगल व मास्क उतरवा. त्यानंतर दहा दिवस ताप, खोकला किंवा डोळ्यांची लाली यांवर लक्ष ठेवा, आणि यांतलं काही दिसलं तर दवाखान्यात जाण्याआधी फोन करून संपर्काबद्दल कळवा.